कोळंबीच्या टरफलाचं कार्बन कार्ट्रिज: पाणी झकास, पण आधी वीस लिटर सांडा म्हणे!

पाणी गाळायच्या फिल्टरचं, कोळंबीच्या टरफलाच्या कोळशाने भरलेलं दुसरं कार्ट्रिज परवा आलं आणि सोबतच्या चिठ्ठीवर पुन्हा तेच: ‘पहिले वीस लिटर पाणी सांडून द्यावे.’ लातूरला! ज्या गावात 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे वीस लिटर मोरीत? आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस टाकीत किती उरलं ते बघत काढायचे.

मुळात आरओ काढून हे बसवलं ते पाणी वाचवायलाच. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर नालीत सोडतो. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 500 च्या आत, मग कशाला पोसायचा तो? बोअरचं जड पाणी पिणाऱ्यांनी मात्र याच्या नादी लागू नये. कार्बन क्षार काढत नाही, नायट्रेटही नाही, फ्लोराइडसाठीही यावर विसंबू नका. टीडीएस मीटरचा आकडा आधी होता तोच नंतर.

जे काढायचं ते मात्र चोख काढतं. क्लोरीनचा दर्प गेला, टाकीचा कुबट वास गेला. ‘मासळीचा वास येतो का हो?’ असं येणारा प्रत्येक जण विचारतो. अजिबात नाही, भट्टीतून निघालेल्या कोळशाला कसला आलाय वास! आईला हे पटत नाही. गळ्यात माळ आहे तिच्या. ‘टरफल झालं तरी जिवाचंच ना रे ते,’ म्हणते आणि तुरटी फिरवलेलं हंड्यातलं पाणी पिते.

आता त्या वीस लिटरचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा शाईसारखं पाणी आलं. कार्बनची बारीक पूड असते, दोन तांब्यांत जाईल, एवढ्यासाठी वीस लिटर कशाला, असं माझं म्हणणं. पाणी नितळ झालं, पण चहा काळपट आणि सपक. माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडून पीएच पट्टी (पाणी आंबट की चुन्यासारखं खारं ते दाखवणारी; 7 म्हणजे मधलं) आणली, ती 9 च्या वर गेली. पिण्याच्या पाण्याला 6.5 ते 8.5 चालतो. मग उलगडलं: कोळंबीच्या टरफलात कायटिनसोबत (टरफलाचा मूळ चिवट पदार्थ) कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भरपूर. ते आम्लाने नीट धुऊन काढलं नाही तर भट्टीत त्याचा चुना होतो आणि आपल्या ग्लासात उतरतो. नारळाच्या करवंटीच्या कार्बनला ही एवढी भानगड नसते.

तेव्हा चिठ्ठी बरोबर आहे, सांडायलाच हवं. पण लातूरला का? कारखाना कोकणात. तिथेही उन्हाळ्यात टँकर लागतात हे मान्य, पावसाळ्यात तरी धुऊन पाठवा की! फोन केला तर पलीकडची पोरगी म्हणते, ‘सर, फक्त वीस लिटर.’ फक्त! आमच्याकडे जारला पैसे मोजावे लागतात, बाई. या वेळी पाणी बादल्यांत धरलं, संडासाला आणि फरशीला वापरलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी गाळाचा फिल्टर लावा, नाहीतर टँकरच्या मातीने धार बसते. आणि गाळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, तेव्हा भरून दोन-दोन दिवस ठेवू नका.

पाच पैकी साडेतीन. कारखान्यातच धुतलेलं देणार असतील तर पन्नास रुपये जास्त द्यायला तयार आहे. कुरिअरचे वेगळे मागितले तर करवंटीचंच घेईन.