कागदावरच्या अ‍ॅनिमे चित्रांना रंग भरताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी चित्र कागदावरच काढते. आधी पेन्सिलीने कच्चं, मग बारीक काळ्या पेनाने पक्कं, आणि शाई नीट वाळली की पेन्सिल खोडायची. थेट स्क्रीनवर काढूनही पाहिलं, पण डोळे आणि ओठ मनासारखे उतरतात ते कागदावरच. त्यामुळे मला हवं होतं ते एवढंच: काढलेलं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, साफ करायचं आणि अ‍ॅनिमेत असतात तसे स्वच्छ, सपाट रंग भरायचे. गेल्या आठ महिन्यांत अशी चाळीसेक चित्रं झाली. क्रिता, गिम्प, क्लिप स्टुडिओ पेंट, मेडिबँग पेंट आणि फोनवर आयबिस पेंट अशी पाच सॉफ्टवेअर वापरून झाली. आज रोजच्या वापरात दोनच आहेत, कॉम्प्युटरवर क्रिता आणि फोनवर आयबिस पेंट.

सुरुवातीला मी ब्रश मोजत बसले होते. कशात किती ब्रश, कशात किती इफेक्ट. तो सगळा वेळ वाया गेला असं आज मला ठामपणे वाटतं. कागदावर काढणाऱ्याने सॉफ्टवेअर निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात. एक, काढलेली रेघ कागदापासून अलगद सुटून येते का? दोन, रेघेला कुठे फट राहिली असेल तर रंग बाहेर सांडतो का? ब्रश नंतर लागतात, आणि तेही तीन-चारच.

आधी रेघेचं बोलते. आपल्याला कागद पांढरा दिसतो, स्कॅनमध्ये तो पांढरा नसतो. राखाडी झाक असते, खोडलेल्या पेन्सिलीचे डाग असतात, मागच्या पानावरचं काहीतरी पुसट उमटलेलं असतं. माझी पहिली पाच-सहा चित्रं मी जादूच्या कांडीसारख्या दिसणाऱ्या टूलने पांढरा भाग निवडून, तो पुसून टाकून केली. खाली गडद रंग घातला की प्रत्येक रेघेभोवती पांढुरकी किनार दिसायची. त्याचं कारण कळायला मला महिना लागला. चित्र खूप मोठं करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की रेघ काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर जातच नाही. मध्ये तीन-चार पिक्सेल राखाडी उतार असतो. कांडी तो उतार अर्धा खाते, अर्धा ठेवते, आणि उरलेला अर्धा म्हणजेच ती किनार.

यावरचा खरा उपाय म्हणजे पांढरेपणाचंच पारदर्शकतेत रूपांतर करायचं. पांढरं पूर्ण पारदर्शक, काळं पूर्ण अपारदर्शक, मधलं राखाडी तेवढ्याच प्रमाणात अर्धवट. क्रिता आणि गिम्प या दोन्हींत यासाठी ‘कलर टू अल्फा’ नावाचा फिल्टर आहे. क्लिप स्टुडिओत हेच काम एडिट मेन्यूतल्या एका आज्ञेत होतं, उजेडाचं अपारदर्शकतेत रूपांतर करणारी ती आज्ञा. आयबिस पेंट तर फोटो आत घेतानाच विचारतं, रेघा वेगळ्या काढू का? हो म्हटलं की काळं-पांढरं कमी-जास्त करायच्या पट्ट्या समोर येतात. हा प्रश्न आपणहून विचारणं म्हणजे नवशिक्याचा विचार केलेला असणं, असं मी मानते.

रूपांतराच्या आधी ‘लेव्हल्स’ मात्र लावून घ्यायच्या, म्हणजे चित्रातलं काळं-पांढरं कमी-जास्त करायची पट्टी. पांढऱ्याचा ठोकळा डावीकडे सरकवत न्यायचा, म्हणजे कागदाचा पोत आणि डाग नाहीसे होतात. कुठे थांबायचं ते पापण्या सांगतात. मी नेहमी एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर झूम करते. तिथे पापणीची सगळ्यात बारीक रेघ असते. ती तुटायला लागली की ठोकळा थोडा मागे घ्यायचा आणि उरलेले डाग हाताने पुसायचे. सगळेच डाग त्या एका पट्टीने घालवायला गेलात तर चेहऱ्यातला नाजूकपणाही त्यांच्याबरोबर जातो.

रेघ अशी सुटी झाली की तिचा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी तिचा थर, अल्फा-लॉक करून (आधी जिथे काही काढलंय तिथेच रंग लागेल असं करून) रेघेलाच रंग देता येतो. गालाजवळची रेघ तपकिरी, केसांची गडद निळी. एवढ्या एका गोष्टीने चित्र कितीतरी मऊ दिसायला लागतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो आणि मी त्यावर हवा त्यापेक्षा जास्त वेळ घालवते.

आता रंग सांडण्याचं. अ‍ॅनिमेतले केस म्हणजे टोकदार बटा, आणि बटांची टोकं हात उचलून काढलेली असतात, म्हणून ती बहुतेकदा उघडी राहतात. एका चित्रात वाऱ्यात छत्री सावरणारी मुलगी होती. केस सगळे उडालेले, अकरा बटा, त्यातल्या सात उघड्या. बादलीने, म्हणजे एका क्लिकमध्ये बंद भाग भरणाऱ्या टूलने, केसांत रंग ओतला की आकाशसुद्धा जांभळं व्हायचं. प्रत्येक फट शोधून रेघ जोडत बसले तेव्हा निम्मी संध्याकाळ गेली, आणि जोडलेल्या रेघा मूळ हाताच्या रेघांसारख्या दिसेनात ते वेगळंच.

तेच चित्र क्रिताच्या कलराइझ मास्कने पुन्हा केलं. ही सोय २०१८ मध्ये ४.० आवृत्तीबरोबर आली. रेघांच्या लेयरवर मास्क लावायचा आणि प्रत्येक भागात त्या-त्या रंगाचा एकेक फराटा ओढायचा. केसांत जांभळा, चेहऱ्यावर त्वचेचा, छत्रीवर लाल, आणि पार्श्वभूमीवर एक फराटा ओढून तो रंग ‘पारदर्शक’ म्हणून नेमून द्यायचा. मग अपडेट करायचं. सॉफ्टवेअर रेघांचा अंदाज घेत प्रत्येक रंग त्याच्या हद्दीपर्यंत पसरवतं. उघड्या टोकांपाशी दोन रंग समोरासमोर येतात आणि सीमा साधारण जिथे डोळ्याला अपेक्षित असते तिथेच पडते. फटींसाठी आणि कडा ओळखण्यासाठी वेगळ्या पट्ट्या आहेत. माझ्या सातांपैकी पाच बटा पहिल्याच फेरीत नीट भरल्या. उरलेल्या दोनमध्ये एकेक फराटा वाढवला आणि काम झालं. फराटे नीटनेटके असायची गरज नाही, त्यामुळे पहिले तीन महिने मी हे सगळं साध्या माउसने केलं. पेन टॅबलेट नाही म्हणून कुणी थांबलं असेल तर थांबू नका.

मास्कचं काम संपलं की त्याचं साध्या लेयरमध्ये रूपांतर करायचं आणि ‘स्प्लिट लेयर’ वापरून प्रत्येक रंग आपल्या वेगळ्या लेयरवर घ्यायचा. मग केसांचा रंग बदलावासा वाटला तर चेहऱ्याला धक्का लागत नाही.

एक गोष्ट आधी माहीत असायला हवी. मास्कला सगळ्या चित्राचा हिशोब करावा लागतो, म्हणून चित्र जेवढं मोठं तेवढी वाट बघावी लागते. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं चित्र मिळतं. ६०० वर दोन्ही बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट. मी उत्साहाने ६०० वर स्कॅन करत होते. आता ३०० वर करते, आणि छापायलाही ते पुरतं.

गिम्प मुळात छायाचित्रांसाठी जास्त ओळखलं जातं, पण त्याच्या बादलीतही २०१९ पासून रेघा ओळखून भरण्याची सोय आहे. किती लांबीची फट बंद समजायची ते तिथे ठरवता येतं. आधीच गिम्प वापरत असाल तर फक्त रंगासाठी दुसरं काही शिकायची घाई नको. माझा हात मात्र तिथे बसला नाही. चित्र काढणाऱ्याला हवं ते तिथे दोन-तीन मेन्यू आत असतं.

क्लिप स्टुडिओबद्दल मनापासून सांगायचं तर रंग भरण्यात ते सगळ्यांत सफाईदार आहे. रेघांचा लेयर ‘रेफरन्स’ म्हणून नेमायचा, बादलीत फट बंद करण्याचा पर्याय लावायचा, आणि खालच्या लेयरवर भरत जायचं. सुटलेले बारीक कोपरे भरणारं वेगळं साधन आहे, बटांच्या टोकांसाठी ते फार कामाला येतं. ते बनवणाऱ्या सेल्सिस कंपनीचं रेटास हे सॉफ्टवेअर जपानच्या अ‍ॅनिमे स्टुडिओंत वर्षानुवर्षं रंगकामासाठी वापरलं गेलं, आणि तो अनुभव इथे जाणवतो. पण ते विकत घ्यावं लागतं. आपल्याला हा छंद चार महिने तरी टिकणार का, हे माहीत नसताना पैसे घालू नयेत असं माझं मत. चाचणी आवृत्ती मिळते, ती आधी बघावी. पानांवर पानं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढणाऱ्याने मात्र सरळ तिकडेच जावं. क्रिता त्यांच्या स्वतःच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. काही अ‍ॅप स्टोअरवर तेच पैसे देऊन मिळतं आणि ते पैसे पुढच्या विकासाला जातात. मी दोन महिन्यांनंतर तसे दिले, कारण रोज वापरत होते.

मेडिबँग हलकं आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि साध्या चित्रांना पुरतं. माझ्या भाचीला मी फोनवर आयबिस पेंट लावून दिलं. फुकट आवृत्तीत जाहिराती असतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. तिने वहीतल्या पानाचा फोटो काढला आणि अर्ध्या तासात हिरव्या केसांची योद्धी तयार. “आत्या, रेघ माझीच आहे बघ,” म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला. फोटो काढताना फक्त एक सांभाळावं. फोन कागदाला अगदी समांतर धरायचा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने पडू द्यायचा नाही. नाहीतर कागदाचा निम्मा भाग काळवंडतो आणि रेघा वेगळ्या काढताना त्या सावलीचा डाग होऊन बसतो.

सावल्यांकडे वळले तेव्हा क्रितामध्ये मी एका जागी बरेच दिवस अडले. ‘इनहेरिट अल्फा’ लावलं की सावली खालच्या रंगाच्या आत राहते असं वाचलं होतं, पण माझी सावली सगळ्या चित्रभर पसरायची. हा पर्याय खालच्या फक्त एका लेयरकडे बघत नाही, खालच्या सगळ्या लेयरांकडे बघतो. म्हणून केसांचा रंग आणि केसांची सावली यांचा आधी वेगळा ग्रुप करायचा, मग सावलीवर तो लावायचा. ग्रुप केला आणि त्याच दिवशी अडथळा संपला.

अ‍ॅनिमेतली सावली धारदार कडेची का असते, हे कळल्यावर मला रंगवणं सोपं गेलं. पूर्वी सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, रेघ पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूला भरायचे. प्रत्येक छटा वेगळी भरायची असल्यामुळे एका रंगाला एक सावली, फार तर दोन. अ‍ॅनिमेटर कागदावर सावलीची हद्द रंगीत पेन्सिलीने आखून द्यायचा, आजही देतो. मी ते उचललं. आता सावलीच्या कडा कागदावरच फिकट निळ्या पेन्सिलीने आखते आणि तो कागद दोनदा वापरते, एकदा निळं गाळून रेघांसाठी, एकदा निळ्यासकट खाली ठेवून सावलीचा नकाशा म्हणून. रंग रेघेखाली जायला हवा हेही त्या सेलवरूनच डोक्यात बसलं. बादलीने भरताना हद्द एक-दोन पिक्सेल वाढवली की रंग रेघेच्या पोटात शिरतो आणि पांढरी फट उरत नाही.

हालतं चित्र करायचं असेल तर ओपनटूंझ आहे. जिब्ली स्टुडिओत वापरलेल्या टूंझची ती मुक्त आवृत्ती, २०१६ पासून सगळ्यांसाठी खुली. पण एकाच चित्राला रंग द्यायचे असताना तिथे जाऊ नका, तिथलं सगळं हलत्या चित्रासाठी मांडलेलं आहे.

एक नुकसान माझ्या हातून झालं ते लिहून ठेवते. बारावं चित्र मी घाईत फक्त जेपीईजी म्हणून साठवलं आणि फाइल बंद केली. सगळे लेयर एकमेकांत मिसळले, शिवाय रेघांच्या कडांना तांबूस-निळसर कण आले. ओढणीचा रंग बदलायचा होता, तो तसाच राहिला. तेव्हापासून आधी लेयर वेगळे ठेवणारी क्रिताची केआरए फाइल, मग दाखवण्यासाठी पीएनजी, आणि मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये. सोबत त्वचा, तिची सावली आणि केसांचे रंग एका छोट्या पट्टीवर काढून ठेवते. छत्रीवाल्या मुलीचं दुसरं चित्र सध्या टेबलावर आहे. या वेळी पाऊस थांबलाय, केस ओले आहेत आणि बटा चारच.