एकात एक टेम्प्लेट की तुकड्यांची जोडणी? होमस्टेची साइट करणाऱ्यांसाठी

मी मालवण-तारकर्ली भागातल्या होमस्टेंची बुकिंगची वेब ॲप्लिकेशन्स करतो. नवीन काम घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न येतो. पानांची टेम्प्लेट, म्हणजे पानांचे साचे, एकात एक बसवायची, की एकच मुख्य ढाचा ठेवून बाकीचं लहान लहान तुकड्यांनी जोडायचं? दोन्ही पद्धतींनी साइट करून, पुढे चालवूनही पाहिल्यात.

एकात एक म्हणजे असं: सगळ्यात वर बेस टेम्प्लेट, त्यात हेडर, मेनू, फूटर. त्याला एक्स्टेंड करणारं, म्हणजे त्याचा ढाचा घेऊन त्यात आपली भर घालणारं, विभागाचं टेम्प्लेट, समजा ‘खोल्या’ किंवा ‘समुद्रातले खेळ’. आणि त्याला एक्स्टेंड करणारं प्रत्यक्ष पान. जँगो या वेबसाइट करायच्या फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हीच तीन थरांची पद्धत सुचवलेली आहे. जिंजा, ट्विग, लाराव्हेलचं ब्लेड, टेम्प्लेटच्या या सगळ्या साधनांत हे जमतं. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये मास्टर पेज, म्हणजे तिथलं बेस टेम्प्लेट, २००५ साली आलं. तेव्हाही ते एकात एक बसवता येत होतं, पण व्हिज्युअल स्टुडिओच्या डिझाइनरमध्ये नीट दिसण्यासाठी २००८ ची आवृत्ती यावी लागली.

मधल्या थराचं मोल आमच्याकडे पावसाळ्यात कळतं. दर्या खवळला की सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, स्कूबा बंद, पॅरासेलिंग बंद. ही सूचना खेळांच्या प्रत्येक पानावर हवी. ती मधल्या टेम्प्लेटमध्ये एकदा लिहायची आणि पाऊस सरला की एकदाच काढायची. तुकड्यांच्या पद्धतीतही सूचनेची फाइल एकच असते, पण ती प्रत्येक पानात आठवणीने इन्क्लूड करावी, म्हणजे जोडून घ्यावी, लागते. सीझनच्या घाईत नवं पान केलं की नेमकं तेच राहून जातं.

पण एकात एकमध्येही सूचना हरवू शकते, आणि माझ्या हातून ती हरवली आहे. ‘सूचना’ नावाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे खालच्या टेम्प्लेटला बदलता येणाऱ्या जागेत, मधल्या थराने बंदचा मजकूर ठेवला होता. किल्ल्याच्या पानावर मला पार्किंगबद्दल एक ओळ घालायची होती, म्हणून तोच ब्लॉक तिथे पुन्हा लिहिला. ब्लॉक पुन्हा लिहिला की वरचा मजकूर पुसला जातो. तो राखायचा तर जँगोमध्ये ‘ब्लॉक डॉट सुपर’ आणि ब्लेडमध्ये ‘पॅरेंट’ लिहावं लागतं. मी ते लिहिलं नव्हतं. एरर आली नाही, पान व्यवस्थित दिसत होतं. जुलैत एक कुटुंब मुलांना घेऊन थेट जेटीवर पोचलं. त्यांचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं. ब्लॉकच्या नावात एक अक्षर चुकलं तरी असंच होतं, मजकूर गुपचूप गायब. त्यामुळे थर वाढवाल तसं प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडून वाचायची सवय लावून घ्या.

तुकड्यांची बाजू भक्कम होते ती वेगळ्याच ठिकाणी. तारकर्लीतल्या एका घरी खोल्याही आहेत आणि स्कूबाही. ते पान कुठल्या विभागाचं? एका टेम्प्लेटला दोन पालक देता येत नाहीत, एक्स्टेंड एकालाच करता येतं. इथे खोल्यांचा तक्ता आणि स्कूबाची माहिती हे दोन तुकडे जोडले की काम होतं. लाराव्हेलवाल्यांना यासाठी ब्लेडचे कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे तुकडे, आहेत, आणि २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून ते साध्या टॅगसारखे लिहिता येतात. पानांची सरमिसळ जास्त असेल तर मी डोळे झाकून हाच मार्ग घेईन.

तुकड्यांचा त्रास म्हणजे कुठला तुकडा कुठल्या व्हेरिएबलवर, म्हणजे पानाला मिळालेल्या कुठल्या माहितीवर, जगतोय ते फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. जँगोचं इन्क्लूड पानाकडची सगळी व्हेरिएबल्स आत जाऊ देतं. ‘ओन्ली’ लावून हवी तेवढीच हाताने द्या, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्याने कोड उघडला तरी त्याला समजेल. शिवाय इन्क्लूड केलेल्या तुकड्यातला ब्लॉक बाहेरच्या पानावरून बदलता येत नाही. बरेच जण इथे तासभर अडकतात.

वेगाची चिंता करून यातलं काही निवडू नका. जोडणी सर्व्हरवरच होते, पर्यटकाच्या फोनवर तयार पान जातं. किनाऱ्याला रेंज कमी असते हे खरं, पण तिथे पान अडतं ते फोटोंच्या वजनाने.

एकाच घराची सात-आठ पानं असतील तर मधला थर करूच नका, बेस आणि दोन-चार तुकडे पुरतात. विभागाची अशी एखादी गोष्ट असेल जी त्याच्या सगळ्या पानांवर एकदमच बदलते, बंदची सूचना, बाजूचा मेनू, आगाऊ रकमेचा नियम, तर मधला थर घ्याच. चौथा थर मी कोणालाही सुचवणार नाही. एक ओळ कुठून आली ते शोधायला चार फाइली उघडाव्या लागतात, आणि गिऱ्हाईक फोनवर थांबलेलं असतं. सध्या माझ्याकडे तीन थर आहेत, दर आणि खोल्यांचे तक्ते तुकड्यांत आहेत, आणि बंदची सूचना मी मधल्या टेम्प्लेटमध्येच ‘सूचना’ ब्लॉकच्या बाहेर, त्याला वेढणाऱ्या ब्लॉकमध्ये हलवली आहे. आता एखाद्या पानाने ‘सूचना’ ब्लॉक पुन्हा लिहिला तरी ती पुसली जात नाही.