झोपेसाठी जायफळ की खसखस?
आमच्याकडे झोप येत नाही म्हटलं की आजी आधी सहाण काढायची, दुधाचे दोन थेंब टाकून जायफळाचे चार वेढे उगाळायचे, तो तपकिरी लेप कोमट दुधात ढवळला की झालं. आयुर्वेदात जायफळ उष्ण आणि ग्राही सांगितलंय, म्हणजे झोपेसोबत जुलाबावरही चालतं, म्हणून तर ते बाळगुटीत असतं आणि पुरणपोळी-श्रीखंडातही, जेवल्यावर डोळे जड होतात ते काही उगाच नाही.

खसखस तशी सौम्य. तास-दोन तास भिजवून, वाटून, गूळ-नारळाच्या दुधात खीर करायची. अशक्तपणा असेल, डोकं शांत होत नसेल तर मला हीच बरी वाटते, पोटभरही होते.

पण जायफळ चिमूटभरच हं, चमचाभर गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम सगळं होतं, आणि बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका प्लीज. खसखस अफूच्याच बोंडातली, त्यामुळे दुबईला जाताना बॅगेत चुकूनही टाकू नका, तिकडे बंदी आहे. रोजच्यासाठी माझं मत खसखशीला, एखाद्या रात्रीपुरतं जायफळ.