फ्रॉस्टग्रेव्ह सोल्जर्स: पहिली टोळी बांधायची तर हाच डबा

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळांतल्या छोट्या मूर्ती, गोळा करायला सुरुवात करायचीय, काय घेऊ, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: नॉर्थ स्टार या कंपनीचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह सोल्जर्स’. २८ मिलिमीटर मापाचे वीस सैनिक, कडक प्लॅस्टिकचे, सगळे सुट्या भागांत. आमच्या फोंड्यात असले डबे मांडून ठेवणारं दुकान नाही. हातात घेऊन, उलटसुलट करून बघायची सोय नाही, फोटो बघून पैसे भरायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खेळाविषयी, कारण त्याशिवाय डब्याचं मोल कळायचं नाही. फ्रॉस्टग्रेव्ह हा टेबलावर मिनिएचर मांडून खेळायचा खेळ ऑस्प्रे या प्रकाशकाने २०१५ मध्ये काढला, २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली. हजार वर्षं बर्फाखाली गाडलेलं जादूगारांचं एक शहर हळूहळू उघडं पडतंय आणि तिथला खजिना पळवायला टोळ्या शिरतायत, ही कथा. टोळीत एक जादूगार, हवा तर त्याचा शिष्य आणि जास्तीत जास्त आठ सैनिक. म्हणजे दहा माणसांत एका खेळाडूची टोळी पूर्ण. तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते, आमचं जेवणाचं टेबल आवरलं की मैदान तयार. सुरुवातीला ४०० सुवर्णमुद्रा हातात असतात. शिष्य ठेवला तर १०० तिथेच जातात. आठ सैनिकांपैकी खास दर्जाचे चारच घेता येतात, बाकीचे साधे. गुंड आणि चोर तर फुकट मिळतात.

मला हा डबा आवडतो तो इथेच. टोळीला चकचकीत चिलखतातले आठ सरदार लागतच नाहीत. लागतात ती पोटासाठी अवशेषांत शिरलेली माणसं: कुणाकडे जुनी तलवार, कुणाकडे क्रॉसबो, कुणाच्या कमरेला तीन थैल्या. डब्यातली माणसं नेमकी तशी आहेत. जाड कापडाचे अंगरखे, पट्टे, डोक्यावर टोप्या नाहीतर साधी शिरस्त्राणं. हिरोगिरी कुणाच्याच उभं राहण्यात नाही.

आत चार स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी, येतात, प्रत्येकावर पाच धडं. डोकी, हात आणि शस्त्रं मात्र त्याहून बरीच जास्त. धडं पाचच प्रकारची असल्यामुळे पायांची ठेवण परत परत येते. पण हात वेगळा लावला, मान फिरवली की शेजारी ठेवलेले दोघे भाऊही वाटत नाहीत. हे करायला वेळ द्यायला हवा. घाईघाईत जसे हाती येतील तसे भाग चिकटवणाऱ्याला हा डबा पावणार नाही.

माझा क्रॉसबोवाला घ्या. निपरने, म्हणजे बारीक कटरने, भाग कापले, साच्याची जी बारीक रेघ राहते ती चाकूच्या पाठीने खरवडली. क्रॉसबो धरणारे दोन्ही हात एकमेकांशी जुळावे लागतात, म्हणून आधी ते पुट्टीच्या गोळीवर टेकवून पाहिले. मग टोपीचं डोकं समोर न बसवता डाव्या खांद्यावरून मागे वळवलं. एवढ्याने माणूस बदलला. शस्त्र पुढे रोखलेलं आणि नजर मागे, म्हणजे याला पाठीमागून काहीतरी ऐकू आलंय. खेळात मी त्याला नेहमी भिंतीच्या टोकाला उभा करते. तिथेच तो शोभतो.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी कडक प्लॅस्टिकचा आणखी एक मोठा फायदा आहे. हे पॉलिस्टायरिन, ते ‘प्लॅस्टिक सिमेंट’ नावाच्या गोंदाने जोडतात. सिमेंट पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन भाग एकमेकांत मुरतात, वर काही क्षण जागा सरकवायलाही मिळते. धातू आणि रेझिनला सुपरग्लू लागतो. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, आणि आपल्या जुलैच्या हवेत सांध्याभोवती पांढरी साय धरतो. स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि स्प्रे वार्निशचंही तेच: भर पावसात मारलं की मॅट काळ्यावर धूसर पापुद्रा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी डबा बंद खोलीत उघडते, फक्त कापणं आणि जोडणं करते, आणि प्रायमर लावायचाच झाला तर ब्रशने लावते. स्प्रेचे डबे दिवाळीनंतर बाहेर काढायचे.

रंगांसाठी सगळंच परदेशी हवं असं नाही. स्टेशनरीच्या दुकानातला अ‍ॅक्रिलिक अंगरख्यांना आणि बुटांना छान चालतो, पाणी घालून पातळ केला आणि दोन हात दिले की बारीक नक्षी बुजत नाही. चेहरा आणि धातूला मात्र मिनिएचरसाठीचेच रंग घ्यावेत, त्यांतलं रंगद्रव्य फार बारीक असतं. शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, दिला की तो घड्यांच्या खोबणीत उतरतो आणि सैनिक जिवंत दिसायला लागतो. चतुर्थीच्या आधी चित्रशाळेत मूर्तीचे डोळे रेखणारे हात ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना श्वास धरून टिंब ठेवणं म्हणजे काय ते सांगायला नको. नरकासुर बांधणारी आपली वाड्यावाड्यावरची पोरं तर या कामाला जन्मजात लायक आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हा डबा हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

बर्फ मी काढून टाकला. नियमांना त्याने काही फरक पडत नाही. माझं शहर जांभ्या दगडाचं आहे, रानाने गिळलेलं. सैनिकांच्या पायाखालच्या बेसवर जांभ्याचा चाळलेला चुरा, त्यावर जवळपास कोरड्या ब्रशने हिरवा, शेवाळ म्हणून. मधोमध उभा आहे तो जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा. खरा मनोरा ४६ मीटर उंच, त्याचा निम्मा भाग १९३१ मध्ये कोसळलेला. सैनिकांच्या मापात, साठास एक धरलं, तर तो पाऊण मीटरच्या वर जातो. मी फोमचे खालचे दोन मजले केले, तेवढ्यानेच टेबल भरलं. फोमवर थेट स्प्रे मारू नका, तो वितळतो. आधी ब्रशने अ‍ॅक्रिलिकचा जाड थर द्या.

खेळायला माझा भाचा येतो. लढाईत दोघांनीही वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपापल्या सैनिकाचा लढाईचा आकडा मिळवायचा, मोठा तो जिंकतो. त्यामुळे काहीही घडतं. परवा त्याचा सरदार माझ्या फुकटातल्या गुंडावर चालून आला. “गो मावशी, याला आता तू उचलून डब्यात ठेव,” म्हणाला. फासे पडले, माझे एकोणीस, त्याचे तीन. सरदार आडवा. त्या गुंडाला आता नाव आहे, त्याच्या ढालीवर मी एक लाल पट्टा वाढवलाय, आणि भाचा प्रत्येक डावात आधी त्यालाच शोधतो. टोळीचं प्रेम असं जडतं. शंभर जणांच्या सैन्यात एका शिपायाशी एवढं नातं जुळायला वावच नसतो.

डब्यात जादूगार नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी आठ जणांचा वेगळा ‘विझार्ड्स’ डबा आहे, किंवा जादूगार आणि शिष्य यांची धातूची जोडी मिळते. मी धातूची घेतली. माझी जादूगार एन्चांटर या पंथाची, तिची सगळ्यात आवडती विद्या टेलिकिनेसिस, खजिना दुरूनच ओढायचा. हातात धरल्यावर धातूचं वजन जाणवतं आणि टोळीची मुख्य व्यक्ती तशी वजनदार असावी असं माझं मत आहे. ज्यांना स्त्री सैनिक हवेत त्यांच्यासाठी ‘सोल्जर्स टू’ आहे. तिथली डोकी आणि हात इथे बसतात, मी दोन्हींची सरमिसळ करते.

आता पैसे. बाहेरून मागवलं तर वाहतूक आणि कस्टम्सची ड्युटी मिळून रक्कम चांगलीच फुगते, हे आधी हिशेबात धरा. एका विक्रेत्याने माझी ऑर्डर घेऊन, कितीतरी आठवडे गप्प राहून, शेवटी माल नाही म्हणून पैसे परत केले. तेव्हापासून माल हातात आहे का हे लेखी विचारल्याशिवाय मी पैसे भरत नाही. तुम्हीही विचारा. आणि डबा दोघांत घ्या. चार स्प्रूंचे दोन-दोन केले की प्रत्येकी दहा सैनिक, म्हणजे आठांची टोळी करून वर दोन शिल्लक. खर्च निम्मा, आणि खेळायला समोर माणूस आपोआप तयार. म्हापसा, मडगाव, डिचोली, कुठेही असा, एक जोडीदार शोधा आणि मग मागवा.

सात-आठ वर्षांच्या मुलांना देऊ नका, चाकू आणि सिमेंट दोन्ही मोठ्यांचं काम आहे. ज्यांना तयार रंगवलेली बाहुली कपाटात ठेवायची आहे त्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये. बाकी सगळ्यांनी घ्यावा. माझ्याकडे अजून एक पूर्ण स्प्रू तसाच आहे, पाच धडं, पिशवीभर हात. त्यातून धनुष्यवाले दोघे आणि एक चोर करायचाय, चोराच्या हातात कंदील द्यायचा विचार आहे.