वस्तरा किती वर्षं टिकतो? सोलापूरच्या उन्हापाण्यात वापरून बघितल्यावर

वस्तऱ्यानं दाढी करतो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कापत नाही का? आणि टिकतो किती? पहिल्याचं उत्तर महिनाभरात मिळतं: हात बसेपर्यंत थोडं कापतं, मग नाही. दुसऱ्यासाठी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा लागतो. माझा वस्तरा गेल्या वर्षी जानेवारीत, इथली गड्ड्याची यात्रा चालू होती त्या सुमारास आला. जर्मनीतल्या सोलिंगेनचा, 5/8 इंच रुंदीचा, कार्बन स्टीलचा. एक दिवसाआड दाढी, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

सरळच सांगतो. दाढी करून वस्तरा संपत नाही. केसांनी धार बोथट होते, पण पातं झिजवतो तो धार लावायचा दगड, निसणा. म्हणजे आपण किती वेळा आणि किती जोर लावून धार लावतो, यावर त्याचं आयुष्य ठरतं. बाकी त्याचे शत्रू दोन: गंज आणि बाथरूमची फरशी.

दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा, पाठ पुढं आणि धार मागं ठेवून. मी चाळीस-पन्नास फेऱ्या मारतो. वळवताना पाठीवरच वळवायचा, धारेवर वळवलात की पट्टा कापला म्हणून समजा. यात स्टील जवळपास जातच नाही, धारेचं टोक फक्त सरळ आणि गुळगुळीत होतं. एवढं नेमानं केलं तर निसण्याची गरज चार-सहा महिन्यांनी पडते. गरज पडली हे कळायला भिंग लागत नाही. खिडकीपाशी उभं राहून धार सरळ डोळ्यांकडे धरायची आणि पातं जरासं हलवायचं. चांगली धार दिसतच नाही. बोथट झालेल्या जागी मात्र केसाएवढी पांढरी चमक उठते. माझ्या वस्तऱ्यात ही चमक कायम टोकाकडच्या भागात आधी येते, कारण हनुवटीखालचे राठ केस मी त्याच भागानं काढतो.

आता झिजेचा हिशेब. वस्तऱ्याची जाड पाठ ही नुसती मजबुतीसाठी नसते. निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि त्यातूनच धारेचा कोन ठरतो, साधारण 15 ते 18 अंशांचा. धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून पातं अरुंद होत गेलं तरी कोन फारसा बिघडत नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा जुळवलं त्याला हात जोडावेत. समजा, 12000 ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर हलक्या हातानं धार जागी करताना पाच मायक्रॉन स्टील जातं आणि हे वर्षातून दोनदा होतं. मग 1 मिलीमीटर जायला शंभर वर्षं लागतील. 5/8 इंच म्हणजे जवळपास 16 मिलीमीटर! हा कागदावरचा हिशेब आहे, पण अंदाज यावा म्हणून पुरेसा आहे. उलट 1000 ग्रिटच्या दगडावर दर महिन्याला दाबून घासणारे आहेत. त्यांचा वस्तरा नातवापर्यंत काय, मुलापर्यंतही पोचायचा नाही.

एक तक्रार आहे. ज्याच्याकडून घेतला त्यानं 'दाढीसाठी तयार' म्हणून पाठवला होता, पण दाढी ओढत होता. कारखान्यातली धार बरेचदा अशीच असते असं नंतर सगळेच सांगतात, मग तसं आधीच लिहायला काय जातं? 8000 आणि नंतर 12000 वर काढल्यावर सुधारला. घेणार असाल तर या पहिल्या धारेचा खर्च किंवा मेहनत धरूनच चाला.

सोलापूरचं हवामान वस्तऱ्याला एकंदरीत मानवतं. वर्षातले बरेच महिने हवा कोरडी, गंजाला वाव कमी. पण पाणी! नळाचं पाणी काही दिवसांआड, एरवी बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार इतके की पातं न पुसता ठेवलं तर वाळल्यावर त्यावर पांढरे ठिपके उठतात. साबणाचा फेसही त्यात नीट होत नाही. म्हणून दाढीचा मग नळाच्या साठवलेल्या पाण्यानं भरतो आणि पातं शेवटी त्याच पाण्यात धुतो. मग पुसणं. इथल्या टॉवेलची वेगळी ओळख करून द्यायला नको, जुन्या टॉवेलचा एक तुकडा त्यासाठीच ठेवला आहे. पाठीकडून धारेकडे पुसायचं, धारेला आडवं कधीच नाही.

तरी पहिल्या पावसाळ्यात मुठीच्या तोंडाशी, खिळ्याजवळ, मोहरीएवढा तपकिरी डाग आलाच. पातं मिटल्यावर पाणी ओघळून नेमकं तिथंच थांबतं आणि टॉवेलचं टोक तिथं पोचत नाही. आमच्या पेठेतले सलूनवाले मामा बघताक्षणी म्हणाले, "मिटवायची घाई कशाला करताय? उघडाच ठेवा की तासभर. लोखंडाला पाणीच खातंय." ते स्वतः कित्येक वर्षांपासून ब्लेड बदलायचा वस्तरा वापरतात, पण जुना अजून धोकटीत आहे. त्यांनी धार ओल्या अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढून बघितली. कुठं दाता पडला असेल तर तो असा नखाला जाणवतो. आता मी वस्तरा बाथरूममध्ये ठेवतच नाही. पावसाळ्यात पात्यावर आणि खिळ्यापाशी खनिज तेलाचा थेंब पुसून कपाटात ठेवतो. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं.

उन्हाळ्यात पात्याला काही झालं नाही, हाल झाले पट्ट्याचे. पारा 43-44 ला गेला की चामडं कोरडं पडून कडा वळायला लागतात. तळहातानं रोज चोळलं तर हाताच्या तेलावर ते तग धरतं. गच्चीच्या दाराशेजारी टांगू नका, एवढंच.

घरात आजोबांचाही एक वस्तरा निघाला, हस्तिदंती दिसणाऱ्या पिवळट मुठीचा. कित्येक वर्षं डबीत, कापडात गुंडाळलेला, कुणी हात न लावलेला. उघडला तर मुठीत मिटून राहणाऱ्या भागावर खोल खड्डे पडलेले आणि उघडा राहणारा भाग मात्र स्वच्छ. ती मूठ सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड जुनं होऊन विघटित व्हायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि त्या शेजारचं स्टील खातात. म्हणजे कुणी वापरत नव्हतं आणि कुणी हयगयही केली नव्हती, तरी वस्तरा गेला. अशा मुठीचा वस्तरा असेल तर तो बंद डबीत कोंडू नका आणि दुसऱ्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा.

पडण्याबद्दल थोडक्यात. ही धार इतकी पातळ आणि स्टील इतकं कडक, की नळाला नुसती टेकली तरी टवका उडतो. माझ्या आतेभावाचा असाच बेसिनवर आपटला. गेलेला टवका जेमतेम एक मिलीमीटर, पण तो काढायला सगळी धार तेवढी मागं न्यावी लागली. वर पाहिलेली शंभर वर्षांची झीज एका दुपारी. बेसिनमध्ये टॉवेल अंथरून दाढी करतो, लोक हसले तरी.

सकाळी दहा मिनिटांत आवरून निघणाऱ्यानं या भानगडीत पडू नये; त्याला सेफ्टी रेझर बरा. खर्च वाचेल म्हणून घेणाऱ्यालाही सांगतो, पट्टा आणि दोन दगड धरले तर ब्लेडची बरीच पाकिटं येतात. पट्टा काही वर्षांनी बदलावा लागणार, दगड अधूनमधून घासून सपाट करावे लागणार.

जुन्या बाजारात वस्तरा दिसला तर मात्र जरूर उचलून बघा. ठिपके आणि काळपटपणा पाठीजवळ असेल तर चालतो, धारेच्या कडेला असेल तर ठेवून द्या. धार टेबलावर टेकवून बघा: मधोमध खोलगट असेल तर कुणीतरी ती निसण्यावर वाकडी झिजवली आहे. आणि पाठीवरची सपाट, चकचकीत पट्टी बघा. जितकी रुंद, तितकं आयुष्य आधीच्या मालकानं खर्चून टाकलेलं.