दहा हजार बोटुकली, वीस पिशव्या आणि आमचं गावतळं

एकूण 57,200 रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण गावात तो आता दीड लाखावर पोचलाय.

आमचा अकरा बायकांचा बचत गट, मी सचिव. प्रत्येकीने 5,200 काढले. त्यातले 18,000 ग्रामपंचायतीला गावतळ्याच्या ठेक्याचे, पहिल्या वर्षाचे. उरलेले 39,200 मत्स्यबीज विकणाऱ्या एका ठगाच्या घशात: तीन ते चार इंची 10,000 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, कटला-रोहू-मृगळ, नगाला साडेतीन रुपये, म्हणजे 35,000, आणि टेम्पोचे 4,200.

"सरकारी मत्स्यबीज केंद्रातून का नाही घेतलंत?" हे मला आजवर पन्नास जणांनी विचारलंय. गेलो होतो हो. जुलैत दोनदा. "बोटुकली संपली, मत्स्यजिरे न्या." जिरे म्हणजे जेमतेम दिसणारं पिल्लू. ते उघड्या गावतळ्यात सोडणं म्हणजे तिथल्या जुन्या माशांना जेवण घालणं. तळं भरत आलेलं, बायका रोज विचारतायत, आणि तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर या ठगाचा फोटो: दोन्ही हातांवर भलामोठा कटला, खाली "खात्रीशीर बीज, घरपोच". फोन केला तर बोलणं असं गोड की बस. प्रत्येक वाक्यात ताई. 10,000 आगाऊ पाठवले, फोनवरून.

यायचा होता सकाळी नऊला. आला संध्याकाळी साडेसातला. अंधार, पाऊस, एक टॉर्च. टेम्पोत ऑक्सिजनच्या वीस पिशव्या. "एकीत पाचशे, ताई."

इथे. इथेच मला कळायला हवं होतं. तीन दिवसांचं मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेतलेली बाई मी, प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. तेवढ्याशा पाण्यात चार इंची पाचशे मासे राहतील कसे? मावले तरी टेम्पो गावाच्या वेशीपर्यंत येण्याआधी मरतील. शिवाय पाणी गढूळ होतं. वाहतुकीआधी माशांना उपाशी ठेवतात ते पाणी घाण होऊ नये म्हणूनच, हेही आम्हाला शिकवलेलं. सगळं डोक्यात होतं आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

मोजा म्हटलं तर त्याने मोजलंही. एक पिशवी घमेल्यात ओतली, वाटीने मासे उचलले, पहिली वाटी एकेक करून मोजली: पन्नास. पुढच्या नऊ वाट्या नुसत्याच "एक, दोन, तीन". पहिली वाटी गच्च होती, बाकीच्यांत निम्मं पाणी. हे मला रात्री दोन वाजता अंथरुणात कळलं. त्या वेळी तो घाई करत होता, "ताई, पिशवीत मरतील, आधी सोडा." मग आम्ही पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, तापमान जुळू दिलं, हळूहळू तळ्याचं पाणी आत घेतलं, सगळं शास्त्रशुद्ध! मासे सोडले आणि पुरावाही सोडला. 19,200 फोनवरून दिले, 10,000 रोख, कारण डिझेलला सुटे हवेत म्हणाला. पावती "उद्या पाठवतो".

बाई गं, निदान पिशव्यांचे फोटो तरी काढायचे. दोन पिशव्या न सोडता टाकीत ठेवायच्या आणि उजाडल्यावर मोजायच्या. एवढं केलं असतं तरी आज हातात काही असतं.

दिवाळीपर्यंत कुणी गळ टाकायचा नाही असा नियम होता. दिवाळीनंतर गावातल्यांना रविवारी पास देऊन गळाने मासे धरू देणार होतो, बाकी जाळं आमचं. ऑक्टोबरात शेजारणीचा पोरगा चोरून गळ टाकताना सापडला. ओरडायला गेले. त्याच्या बादलीत नऊ मासे, नऊच्या नऊ चिलापी. एकही कटला नाही. दुसऱ्या दिवशी फेकजाळं मारलं: चिलापी, बोटभर जंगली मासे आणि सात रोहू. सात. चिलापी एकदा तळ्यात शिरली की तिथेच पिल्लं घालत राहते, तळं आटवल्याशिवाय जात नाही. म्हणजे पैसे देऊन तळ्यात तण पेरलं आम्ही.

पोलिसांकडे गेलो. हवालदार हसला. "मासे कमी आहेत कशावरून? पाण्यात मोजणार कोण?" दिवाणी प्रकरण आहे म्हणाला, अदखलपात्र नोंद करून कागद दिला. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे, असं मी वाचून सांगितलं तर म्हणे, "ताई, वकील झालात का?" ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला: माल मिळालाय ना, मग ऑनलाइन फसवणूक कशी? जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात चार फेऱ्या, दर फेरीला 160 रुपये एसटीचे. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा "पावती आणा". तिसऱ्यांदा "खासगी व्यवहारात आम्ही पडत नाही". चौथ्यांदा तोच साहेब मला नोंदणीकृत केंद्रातूनच बीज घ्यावं यावर वीस मिनिटं व्याख्यान देत होता. जुलैत "संपलं" सांगणारं केंद्र त्यांच्याच खात्याचं! ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर एकाने सांगितलं, व्यवसायासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धसत्य आहे, लिहून ठेवा: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. आमचा अर्ज त्याच मुद्द्यावर जाणार आहे. गटाला ते लागू धरतात का, बघू.

रात्री आलेला टेम्पो परत पाठवा. बीज मरेल म्हणाला तर मरू दे, त्याचं मरेल. रोख देऊ नका, पावतीवर जात, इंच आणि नग लिहून घ्या. आणि डोकं मोठं दिसत नसेल तर तो कटला नाही, कुणी काहीही सांगो.

नवऱ्याने एकदाच "मी म्हटलं होतं" म्हटलं. तो काहीही म्हटला नव्हता.

मागच्या आठवड्यात नणंदेने एक फोटो पाठवला, तिच्या तालुक्यातल्या ग्रुपवर आलेला. नंबर नवा. दोन्ही हातांवर तोच कटला, मागे तीच निळी ताडपत्री. खाली लिहिलंय: खात्रीशीर बीज, घरपोच.