किल्ल्यांच्या पाकिटातली उसनी अंगठी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोणाची तरी अंगठी मागून घ्यायची, ती मुठीतून नाहीशी करायची आणि आपल्याच खिशातल्या किल्ल्यांच्या पाकिटात, किल्ल्यांच्या शेजारी आकड्याला लटकलेली काढून दाखवायची, हा जवळून दाखवण्याच्या जादूतला जुना आणि हमखास दाद घेणारा प्रयोग आहे. त्यासाठी लागणारे चामडी पाकीट मी गेल्या जुलैमध्ये २,१५० रुपयांना टपालाने मागवले. तेव्हापासून नाशिकमधील साखरपुडे, वाढदिवस आणि कार्यालयातील निरोपसमारंभ मिळून चाळीसेक वेळा तरी ते वापरले आहे. आत एक स्प्रिंग आहे, एवढे सांगितल्याने कोणाचे गुपित फुटेल असे मला वाटत नाही; त्यापलीकडचे येथे लिहिणार नाही.

पाकिटासोबत आलेल्या कागदावर ‘कोणतीही अंगठी चालते’ असे छापले आहे, आणि माझी मुख्य तक्रार याच वाक्याबद्दल आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत, बिनखड्याची लग्नाची अंगठी असावी. आपल्याकडे दहा माणसांत अंगठी मागितली, तर पुढे येतात त्या पुष्कराजाच्या, पोवळ्याच्या, नवग्रहांच्या आणि हल्ली सर्रास दिसणाऱ्या कासवाच्या अंगठ्या. कासवाचे पाय पाकिटाच्या तोंडाशी अस्तरात अडकतात, तर वजनदार पुरुषी अंगठी स्प्रिंगला ओढवत नाही. चार-पाच ग्रॅमचे साधे वेढणे सुळकन जाते. तोळ्याच्या आसपासची अंगठी मात्र अर्ध्या वाटेवर रेंगाळते, आणि तेवढा वेळ मला कंबरेवर हात ठेवून उगीच हसत उभे राहावे लागते.

ऑक्टोबरमध्ये पंचवटीत एका घरगुती समारंभात मी आत्याची पुष्कराजाची अंगठी घेतली. देतानाच ती म्हणाली होती, “अरे, गुरुजींनी सांगून घातलीय, खडा हलला तर बघ हं.” प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या, पण खडा धरून ठेवणारे एक टोक वाकले होते. दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात जाऊन ते सरळ करून घेतले. कारागिराने दोन मिनिटांच्या कामाचे पैसे घेतले नाहीत, आत्याने मात्र आठवडाभर अबोला धरला. यात पाकिटाचा दोष निम्माच आहे, कारण उसनी वस्तू निवडण्याची जबाबदारी शेवटी दाखवणाऱ्याचीच असते. तेव्हापासून मी आधी सगळ्यांच्या बोटांवरून नजर फिरवतो आणि साधे वेढणे दिसले, तरच हात पुढे करतो. परत देतानाही अंगठी मी स्वतः सोडवत नाही; पाकीट मालकासमोर धरून त्यालाच ती आकड्यावरून काढू देतो, म्हणजे आपलीच अंगठी असल्याची खात्री त्याच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू येते.

यंत्रणेबद्दल बोलायचे तर स्प्रिंग अजून चांगली आहे. पण मूळ दोरा चौथ्या महिन्यात तुटला. त्याजागी मी मासेमारीची तंगूस लावून पाहिली. ती मजबूत असली, तरी ट्यूबलाइटच्या उजेडात चमकते आणि गुंडाळीची सवय सोडत नाही, त्यामुळे आठवडाभरात काढून टाकली. सध्या शिंप्याकडचा काळा नायलॉनचा दोरा आहे आणि तो दर दीड महिन्याने बदलतो. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरली, ती कोरड्या फडक्याने निघाली. झब्ब्याच्या खोल खिशातून हा प्रयोग साधत नाही. पँटच हवी, आणि उजव्या बाजूला मागे कोणी उभे नको, ही अट लग्नघरात पाळणे जवळजवळ अशक्य असते.

थंडीचा एक फायदा अनपेक्षित होता. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या गारठ्यात बोटे आक्रसतात आणि अंगठ्या सहज निघतात. एप्रिलच्या उन्हाळ्यात त्याच अंगठ्यांसाठी साबण मागवावा लागतो आणि प्रयोगाची सारी लय जाते.

अंगठी मागताना काय बोलावे, हे कागदावर नाही; ते आपले आपण रचावे लागते. मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी एका जर्मन जादूगाराकडून ही विद्या शिकले आणि आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करत असत. ‘फाळके’ची अक्षरे श्रोते मनात उलटी लावू लागतात, त्या दोन सेकंदांत माझ्या उजव्या हाताकडे कोणाचेही लक्ष नसते.

ज्याला रुमाल आणि नाण्यांवर हात बसवून वर्षभर झाले आहे, त्याने हे पाकीट जरूर घ्यावे. अगदी नवख्याने आधी घरातल्या पितळी कडीवर महिनाभर सराव करावा. स्प्रिंगला दोन महिन्यांतून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. मी एकदा तीन दिले होते. परत मिळालेल्या अंगठीला तेलाचा वास का येतो, या कार्यालयातील एका बाईंच्या प्रश्नाला मला अजून नीट उत्तर देता आलेले नाही.